ज्या घरात थाळी वाजली नाही

प्रवरा नदी जिथे मोठे वळण घेऊन पूर्वेला निघते, तिथे आडगव्हाण नावाचे गाव आहे. या गावच्या ख्रिस्ती मंडळीत थोमाजी महाराज दर पावसाळ्यात मुक्कामाला असत. एरवी ते वीणा खांद्याला अडकवून गावोगाव प्रभूचे कीर्तन करीत फिरत. पण पाऊस लागला, वाटा चिखलाने बंद झाल्या, की महाराजांची पावले आपोआप आडगव्हाणकडे वळत. अंगावर घोंगडी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस आणि पाय अनवाणी. महाराज पाळक नव्हते की मिशनचे नोकर नव्हते. बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, प्रभुभोजन वाढण्याचाही नव्हता. पण त्यांनी कीर्तनात प्रभूच्या दुःखाचे वर्णन सुरू केले, की दगडासारखा माणूसही डोळे पुसत घरी जाई.

भाविकहो, त्या गावात महाराजांच्या हयातीत जे घडले, ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. पण ते कळायचे तर आधी एका थाळीविषयी सांगायला हवे.

मंडळीचे प्रार्थनामंदिर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. घंटा घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. दारापुढच्या लिंबाला एक काशाची थाळी टांगलेली होती. रविवारी सकाळी लाकडी दांडक्याने ती वाजवली, की लोक धुतलेले कपडे घालून उपासनेला येत. ही थाळी मूळची एका सुईणीची. त्या भागात तेव्हा अशी रीत होती, की घरात मुलगा झाला तर सुईणीने दारात येऊन थाळी वाजवायची. मुलगी झाली तर वाजवायची नाही. शेजारच्या बाया कान देऊन बसलेल्या असत आणि थाळी गप्प राहिली की मुकाट्याने आपापल्या चुलीकडे वळत. आणखी एका वेळी ही थाळी कामी येई. मूल जन्मले आणि रडले नाही, तर त्याच्या कानाशी ती वाजवीत. दचकून तरी श्वास घेईल, ही आशा.

त्या सुईणीचे नाव धुरपदाबाई. लहानपणीच विधवा झालेली. सासूने जाताना तिला दोनच गोष्टी दिल्या, हातातली विद्या आणि ही थाळी. गावातली निम्मी माणसे तिच्याच हातांवर जगात आली होती. पण त्याच हातांनी दुसरेही काम केले होते, आणि ते गावाला माहीत असूनही माहीत नव्हते. काही घरांतून दाराआड हळूच तिच्या कानाशी कोणी बोलत असे. मग त्या घरात जन्मलेल्या पोरीला धुरपदा रडू देत नसे. थाळी वाजत नसे, रडणे ऐकू येत नसे, आणि बाहेर सांगितले जाई की मूल मेलेलेच जन्मले.

एका वर्षी महाराजांचे कीर्तन चालू होते. धुरपदा मंडळीतली नव्हती. ती लिंबाच्या बुंध्याशी बसून लांबूनच ऐकत होती. प्रभूने लेकरांना जवळ घेतले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवले, हा प्रसंग महाराज गात होते. गाता गाता ते मधेच थांबले. वीणेवरचा हातही थांबला. काय झाले म्हणून लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला, आणि तो ऐकून आधी सगळ्यांना वाटले की कोणाला साप चावला.

धुरपदा रडत रडत आत आली. तिने काखेतली आपली थाळी महाराजांच्या पायांशी ठेवली आणि साऱ्या मंडळीसमोर आपले पाप बोलून टाकले. बायांनी मुले पोटाशी धरली. कोणीतरी ओरडून विचारले की कुठल्या कुठल्या घरात, नावे सांग. तेव्हा ती म्हणाली, "माझं पाप मी सांगती. दुसऱ्याचं सांगायला मी कोण?"

महाराजांचाही चेहरा ओला झाला होता. ते उठले, बाहेर गेले, आणि ती थाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी लिंबाला बांधली. म्हणाले, "आजवर कितीतरी लेकरांसाठी ही वाजली नाही. आता सगळ्यांसाठी वाजू दे."

दुसऱ्या दिवशी धुरपदा पोलीस पाटलाकडे जाऊन हजर झाली. त्याने तिला हाकलून दिले. साक्षीला उभे राहणार कोण? ज्यांनी करवून घेतले ते बोलणार नव्हते, आणि ज्यांच्यावर झाले त्यांना बोलता आले नव्हते. धुरपदाने सुईणपण सोडले. पुन्हा कुठल्या तान्ह्या लेकराला हात लावणार नाही, असा तिने नेम केला आणि मंडळीत घ्या, बाप्तिस्मा द्या, एवढेच मागणे मागत राहिली.

आता मंडळीत कोणाला घ्यायचे हे ठरवणार पंच, आणि पंचांमध्ये शब्द चाले तो नथानेलराव बोर्डे यांचा. नदीकाठी त्यांचा पेरूचा बाग होता, घरावर कौले होती. त्यांच्या आजोबांनी या गावात पहिला बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवीत. प्रार्थना मोठ्या आवाजात करीत. शास्त्रातले संदर्भ त्यांच्या जिभेवर असत. तालुक्याहून पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी येत, तेव्हा बाप्तिस्म्यासाठी नावे सांगायचे काम नथानेलरावांचे. धुरपदाचे नाव त्यांनी कधीच सांगितले नाही.

"पश्चात्ताप पुरा झाला पाहिजे," ते म्हणत. "एक दिवस रडली म्हणून काय झालं? पाणी डोळ्यांतून कोणाच्याही येतं. आधी पश्चात्ताप दिसू दे, टिकू दे, पिकू दे. मग नव्या जन्माचं बघू." आणि मग हसून पुढे म्हणत, "आता सुईणच आम्हाला प्रार्थनेला बोलावणार! ऐका हो, थाळी वाजली. आपल्याला मुलगा झाला!" त्यांचे बघून बाकीचेही हसत.

धुरपदाला त्यांनी दाराबाहेरची पायरी नेमून दिली होती. उपासना चालू असताना तिने तिथे बसायचे, आत यायचे नाही. ती बसे. येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घाली, चपला सरळ मांडून ठेवी. बाया तिच्याजवळून जाताना मुलांना दुसऱ्या बाजूला घेत, ते तिला दिसे. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. तिचे केस पांढरे झाले, पण पायरी काही सुटली नाही.

महाराजांना हे पाहवत नसे. एकदा त्यांनी नथानेलरावांना त्याच पायरीपाशी गाठले आणि विचारले, "नथानेलराव, मूल रडतं म्हणून जन्माला येतं, की जन्माला येतं म्हणून रडतं?"

नथानेलरावांना गंमत वाटली. "महाराज, हा तर सुईणीचा प्रश्न. ही बसलीच आहे की तुमची विदुषी, तिलाच विचारा."

महाराजांनी खरोखरच तिला विचारले. धुरपदा गोंधळून गेली. खाली बघत म्हणाली, "मला काय ठावं महाराज. म्या एवढंच बघितलंय, रडणाऱ्या लेकराचं भ्या वाटत न्हाई. जे रडत न्हाई, त्याचं भ्या वाटतं."

"ऐकलंत?" महाराज नथानेलरावांना म्हणाले. "तुम्ही कधी रडलात?"

"मी?" नथानेलराव ताठ उभे राहिले. "आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, महाराज. आईच्या दुधाबरोबर शुभवर्तमान प्यायलो. आम्हाला कशाचा पश्चात्ताप?" एवढे बोलून ते आत गेले आणि त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा लांबलचक प्रार्थना केली. पायरीवरून आत जाताना त्यांनी धुरपदाकडे पाहिले नव्हते. ते तिच्याकडे कधीच पाहत नसत. लोकांना वाटे, केवढा हा पापाचा तिटकारा! महाराजांना मात्र तसे वाटत नव्हते.

ते गेल्यावर महाराज धुरपदाकडे वळले. तिलाही त्यांनी सोडले नाही. म्हणाले, "आणि धुरपदे, तू हात देवाला दिलेस, की नुसतं त्यांना कुलूप लावलंस?" तिला याचा अर्थ लागला नाही. ती आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिली.

त्याच पावसाळ्यात, पोळा झाल्यावर, नथानेलरावांची धाकटी लेक एस्तेर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नथानेलरावांना दोन मुलीच. त्यांच्या पत्नी मार्थाबाई फार गरीब स्वभावाच्या, कधी मोठ्याने बोलायच्या नाहीत. त्यांना तिसरे मूल झाले होते, ते मेलेलेच जन्मले, आणि त्यानंतर त्यांची कूस उजवली नाही. नदीकडच्या बांधाला एक पांढरा चाफा होता. त्या अधूनमधून उगाच त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहत. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

नथानेलरावांनी लेकीसाठी पलीकडच्या गावची सुईण ठरवून ठेवली होती. पण शनिवारपासून वर डोंगरात असा पाऊस कोसळला, की रविवारी उजाडता प्रवरा दोन्ही काठ सोडून वाहू लागली. पाळकसाहेब येणे शक्यच नव्हते. नाव चालणे तर दूरच, पलीकडचा माणूस हाक मारताना दिसे पण आवाज पोचत नसे. आणि नेमक्या त्याच सकाळी एस्तेरला कळा सुरू झाल्या.

दुपारपर्यंत घरातल्या बायांनी जमेल ते केले. मूल पुढे सरकेना. पोरगी थकत चालली. तेव्हा मार्थाबाई काही न बोलता उठल्या, पदर खोचला आणि भर पावसात प्रार्थनामंदिराकडे निघाल्या. नथानेलराव ओसरीवर होते. त्या कुठे निघाल्या ते ध्यानात येताच ते आडवे आले.

"तिचे हात माझ्या घरात लागता कामा नयेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. मार्थाबाईंना वाटले, रागाने.

जन्मात नवऱ्यापुढे मान वर न केलेली ती बाई म्हणाली, "अहो, लेक मरेल माझी. सरा बाजूला." आणि खरोखरच त्यांना बाजूला सारून ती गेली.

धुरपदा पायरीवरच होती. मार्थाबाईंनी तिचे पाय धरले तेव्हा ती अंग चोरून भिंतीला टेकली. म्हणू लागली, न्हाई बाई, माझा नेम हाये, ह्या हातांनी न्हाई, ह्या हातांनी नगं. महाराज आतून आले. त्यांनी तिचे हात पदराखालून बाहेर काढले, आपल्या हातांत घेतले आणि प्रार्थना म्हणावी तशा हळू आवाजात म्हणाले, "ज्यानं तुला क्षमा केली, त्यानं हातांनाही केली आहे. पाप मेलं, धुरपदे. हात मेले नाहीत. चल, मीही येतो."

ती उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या पायरीवरून उतरून गावात शिरली ती महाराजांच्या मागोमाग, आणि लोक पावसात दारांत उभे राहून बघत राहिले.

नथानेलरावांच्या ओसरीवर महाराजांनी घोंगडी अंथरली आणि डोळे मिटून बसले. शेजारपाजारचे चारदोन जण आले. धुरपदा आत गेली. नथानेलराव खांबाला धरून उभे होते. ना त्यांना बसवत होते, ना कुठे जाववत होते. आत धुरपदाचा आवाज येत होता, शांत आणि समजूतदार, जणू मधली वर्षे गेलीच नव्हती. एस्तेरच्या किंकाळ्या येत होत्या. मग एक मोठी किंकाळी आली आणि त्यानंतर काहीच आले नाही.

मूल झाले होते. पण ते रडले नाही.

आत धुरपदाने जेवढे येत होते तेवढे सगळे केले. लेकराच्या तोंडातला चिकटा काढला, पाय चोळले, पाठ चोळली, नाळेतून ऊब पोचावी म्हणून ती न कापता वार शेकली, छातीवर गार पाणी शिंपडले. लेकरू निळसर पडले होते. ती आतूनच ओरडली, "थाळी आणा!" कोणीतरी लिंबाकडे धावले. महाराजांनी बांधलेली गाठ पावसाने फुगून घट्ट झाली होती. ती कापून थाळी आणली.

थाळी वाजू लागली. त्या घराच्या भिंतींना तो आवाज माहीत नव्हता. नथानेलरावांनी दोन्ही हात कानांवर घेतले. धुरपदा वाजवत राहिली, हाका मारत राहिली, "ये गं बाई, ये, रड, एकदा रड," आणि मग थाळीही थांबली. विद्या संपली होती. जे हात एकेकाळी लेकराचे रडणे थांबवू शकत होते, त्यांना आज ते सुरू करता येईना.

धुरपदा लेकराला फडक्यात घेऊन ओसरीवर आली. तिच्या पाठोपाठ मार्थाबाई भिंतीला धरत आल्या. "पोरगी हाये, महाराज," धुरपदा म्हणाली. "काळजात जरा धुगधुगी हाये. पण रडत न्हाई. मला काय बी येईना आता."

महाराजांनी डोळे उघडले. ज्यांनी त्या वेळी महाराजांना पाहिले ते सांगत, की त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते, इतके त्यावर दुःख होते आणि त्या दुःखाच्या आत कसला तरी प्रकाश होता. त्यांनी लेकराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "नथानेलरावांच्या हातात दे."

नथानेलरावांनी नकारार्थी मान हलवली. पण धुरपदाने ते फडके त्यांच्या हातात ठेवलेच. नातीचे ओझे ते काय! तरीही ते धरल्याबरोबर ते खांबाशी खाली बसले.

महाराज त्यांच्याजवळ गेले. बाकीच्यांना ऐकू येईल न येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "नथानेलराव, या घरात एकदा एका लेकराला रडू दिलं नव्हतं. ते रडणं अजून इथंच अडकून आहे. त्याला वाट द्या."

नथानेलरावांनी झटकन धुरपदाकडे पाहिले. किती वर्षांनी पाहिले! त्यांच्या नजरेतला प्रश्न तिला कळला. तिने मान हलवली: नाही, मी कोणालाच सांगितले नाही, महाराजांनाही नाही. आणि ते खरे होते. पायरीवर बसवले, हसले, थाळीची चेष्टा केली, तरी तिने या माणसाचे नाव ओठांवर आणले नव्हते. त्याचे पाप सांगायचा आपल्याला हक्क नाही, असे ती म्हणाली होती आणि तसेच वागली होती. मग महाराजांना कोणी सांगितले? नथानेलराव काय समजायचे ते समजले. ज्याच्यापुढे ते रोज मोठ्या आवाजात प्रार्थना करीत, तो इतकी वर्षे ते जे सांगत नव्हते तेच ऐकत होता.

अजूनही ते गप्प बसू शकले असते. अब्रू होती, पंचपण होते, आजोबांचे नाव होते. मांडीवर पोर निळी पडत होती. त्यांचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

"मार्था," ते शेवटी म्हणाले. "आपली तिसरी... ती मेलेली जन्मली नव्हती. जिवंत होती. मला मुलगा हवा होता. ही धुरपदा नको म्हणाली तरी मी... मी सांगितलं हिला. मी केलं ते."

आणि नथानेलराव रडले. भाविकहो, त्याला रडणे म्हणावे की काय म्हणावे! तो आवाज शहाण्या, वय झालेल्या माणसाचा नव्हता. त्यात शब्द नव्हते, लाज नव्हती, मोठ्याने प्रार्थना करणारा तो गळाच त्यात नव्हता. पोट आवळून, तोंड उघडे टाकून, श्वास लागेपर्यंत ते रडत राहिले, आणि त्यांचे अश्रू त्या नातीच्या तोंडावर पडत राहिले. त्या आवाजात कधीतरी दुसरा एक आवाज मिसळला. बारीक, चिरका, रागावलेला. आधी कोणाला कळलेच नाही. मग धुरपदा किंचाळली. पोरगी रडत होती! हात झाडत, तोंड लाल करून, जिवाच्या आकांताने रडत होती.

ओसरीवरची माणसे जागच्या जागी गुडघ्यांवर आली. कोणी कोणाला सांगितले नाही. आजोबा रडत होते, नात रडत होती, आणि कोणाचे कुठे संपते आणि कोणाचे कुठे सुरू होते हे कोणालाही सांगता येत नव्हते. महाराजांनी हात जोडले होते आणि त्यांच्या तोंडून फक्त "प्रभो, प्रभो" एवढेच निघत होते.

पुढे एकाने महाराजांना भीत भीत विचारले, की या पंचांनी पाप कबूल करेपर्यंत देवाने त्या कोवळ्या जिवाला अडवून धरले होते का? महाराज जरा रागावलेच. म्हणाले, "देव लेकरांना ओलीस धरतो होय रे? त्या दिवशी दोघेजण श्वासावाचून तडफडत होते. त्याने दोघांनाही एकदमच श्वास दिला, एवढंच. आपण रडलो म्हणून तो नवा जन्म देतो, असं आपल्याला वाटतं. तो जन्म देतो, म्हणून आपल्याला रडू फुटतं. पश्चात्ताप ही त्याला द्यायची किंमत नव्हे, बाबा. ती त्यानेच आपल्यात घातलेली पहिली धाप आहे."

पण त्या ओसरीवर मार्थाबाईंनी मात्र हात जोडले नव्हते. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून नात काढून घेतली, आत एस्तेरच्या कुशीत ठेवली आणि पुन्हा बाहेर आल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी धुरपदाला विचारले, "कुठं ठेवलीस तिला?"

"चाफ्यापाशी, बाई," धुरपदा म्हणाली. "नदीकडच्या बांधाला."

मार्थाबाई एकट्याच पावसात चाफ्याकडे गेल्या. कोणी मागे गेले नाही. त्या परत आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. क्षमा ही मागितली की पदरात पडते असे नाही, हे नथानेलरावांना त्या दिवसांत कळले. ते सकाळी उठून प्रार्थनामंदिराच्या पायरीवर जाऊन बसत. धुरपदा तिथे असे, त्यांना बघून ती उठू लागे, आणि ते म्हणत, "बसा, बाई. मीच जरा खालच्या पायरीला बसतो."

पूर ओसरला आणि पाळकसाहेब नावेतून आले. नथानेलरावांनी साऱ्या मंडळीसमोर आपले पाप सांगितले, पंचपण सोडले, आणि बाप्तिस्म्यासाठी दोन नावे दिली. एक धुरपदाचे आणि दुसरे स्वतःचे. पाळकसाहेब गोंधळले. बाप्तिस्मा एकदाच असतो, तुमचा तान्हेपणीच झाला आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. नथानेलराव हात जोडून म्हणाले, की तो झाला तेव्हा मी जन्मलो नव्हतो.

तेव्हा मागे बसलेले महाराज उठून पुढे आले. "पाणी तुम्हाला आधीच मिळालं होतं, नथानेलराव," ते म्हणाले. "आजोबांच्या पुण्याईने नव्हे, त्याच्या दयेने. ते वाया गेलं नाही, वाट बघत राहिलं. तुमचं फक्त रडणं राहिलं होतं. आता झालं."

धुरपदाचा बाप्तिस्मा नदीत झाला. पाण्यातून वर आली तेव्हा ती हसत होती, आणि तिला हसताना गावाने कधी पाहिलेच नव्हते. काठावर मार्थाबाई नातीला घेऊन उभ्या होत्या. धुरपदा ओलेत्याने वर येताच त्यांनी नात तिच्या हातात दिली. धुरपदाने हात मागे घेतले नाहीत.

मग सगळे लिंबाखाली आले. थाळी पुन्हा टांगली होती. नथानेलराव महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराज मागे सरले. म्हणाले, "माझं तुम्ही काही घेतलेलं नाही." नथानेलराव मार्थाबाईंकडे वळले, पण त्यांच्यापुढे वाकण्याचीही त्यांना हिंमत होईना. ते तसेच मान खाली घालून उभे राहिले. मग मार्थाबाईंनी बुंध्याशी ठेवलेला लाकडी दांडका उचलला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"नातीसाठी वाजवायची आहे ना थाळी? वाजवू. पण आधी तिच्यासाठी वाजवा."

नथानेलरावांनी दांडका घेतला. थाळीचा आवाज नदीपर्यंत गेला, चाफ्यापर्यंत गेला. कितीतरी वर्षे उशिरा थाळीने त्या गावाला सांगितले, की बोर्ड्यांच्या घरी तिसरी मुलगी झाली होती. एकेक टोला देताना ते खाली खाली येत गेले, आणि शेवटी दांडका हातातून सुटला तेव्हा गावचे सगळ्यात ताठ मानेचे ते डोके चिखलात मार्थाबाईंच्या पायांशी टेकले होते. मार्थाबाईंनी ते लगेच उचलले नाही. पण त्या पाय मागे न घेता तिथेच उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून आडगव्हाणात मुलगी झाली तरी थाळी वाजते, आणि ती वाजू लागली की लोक हातातले काम सोडून उभे राहतात. ज्या प्रभूने त्या ओसरीवर दोघांना रडू दिले, तो आपल्यालाही आपापले राहिलेले रडणे देवो.